शिपायाच्या पाण्याची नोंद

छत्रपती संभाजीनगरला जाफरगेटच्या रविवारच्या आठवडी बाजारात जुन्या वस्तूंच्या पथाऱ्या लागतात. त्यांवर कुलुपे, पान्हे, बंद पडलेली घड्याळे, सुट्या पितळी तोट्या आणि कधीमधी एखादी लष्करी पाण्याची बाटली असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका पथारीवर मला मिळालेली बाटली घेवड्याच्या दाण्यासारखी एका बाजूने आत वळलेली होती, कारण ती शिपायाच्या कमरेला घट्ट चिकटून बसावी अशाच बेताने घडवलेली असते. लोखंडी पत्र्यावर निळे एनॅमल होते आणि त्याचे टवके उडाले होते, तिथे तांबूस गंज धरला होता. वरचा खाकी फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, अंगरखा कसरीने अर्धा खाल्लेला होता, तोंडाला कॉर्कचे बूच होते आणि ते हरवू नये म्हणून कुणीतरी अलीकडेच नवी सुतळी बांधली होती. बाटली ज्यात अडकवायची त्या जाड सुती पट्ट्यांच्या खोळीवर १९४२ हे साल, बाणाचे टोक आणि त्या बाणाजवळ इंग्रजी आय हे अक्षर, म्हणजे हिंदुस्थानात तयार झालेला सरकारी माल असल्याची खूण, असा शिक्का स्पष्ट वाचता येत होता. पट्टा हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे, असे दुकानदाराने बजावले. मी दोन्ही घेतले. त्यानंतर मी त्या वस्तूचे जे नुकसान केले त्याची हकिगत पुढे येईलच, पण या लेखाचा विषय माझा छंद नाही. शिपायांनी खांद्यावर वागवलेल्या अशा वस्तू कुणी जपायच्या, कशा जपायच्या आणि जपताना त्यांच्याबरोबर काय जपायचे, हा आज मराठवाड्यापुढे असलेला, पण कुणी फारसा न विचारलेला सार्वजनिक प्रश्न आहे, असे मला वाटते.

अमेरिकी बोलीत या वस्तूला कॅन्टीन म्हणतात, आणि जगभरच्या संग्राहकांत तोच शब्द रूढ आहे. आपल्याकडे मात्र कॅन्टीन म्हटले की निवृत्त फौजी आपल्या कार्डावर साबण, तेल आणि इतर काही चिजा जिथून आणतो ते दुकान डोळ्यांसमोर येते, म्हणून मी बाटलीच म्हणतो. खरे तर प्रवासात पाणी बरोबर नेण्याची साधने आपल्याकडे पूर्वापार होती. फिरकीचा तांब्या होता, वाळवलेला भोपळा होता, बैलाच्या पाठीवरची पखाल होती आणि ट्रकच्या पुढे लोंबणारी कॅनव्हासची छागल तर माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. कंपनी सरकारच्या फौजेतला देशी शिपाई लोटा घेऊनच चालत असे आणि पलटणीला पाणी पुरवायला भिस्ती बरोबर असत. १८०३ च्या २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढली, तेव्हा युरोपातल्या इंग्रज शिपायाच्या खांद्याला निळ्या रंगाचे लाकडी पिंप असे. त्यानंतरच्या दीड शतकात लाकूड गेले, कथील चढवलेला पत्रा आला, एनॅमल आले, अॅल्युमिनियम आले आणि शेवटी प्लॅस्टिक आले. अमेरिकी यादवी युद्धातली लोकरी कापडात शिवलेली चपटी गोल बाटली, १९१० च्या नमुन्याची साखळीच्या फिरकी बुचाची अमेरिकी बाटली, जर्मनांची फेल्टची ८०० मिलिलिटरची बाटली, ब्रिटिश-हिंदी फौजेची १९०८ आणि १९३७ च्या नमुन्यांची निळी बाटली, असे संग्राहकांच्या कपाटातले कप्पे साधारण ठरलेले असतात. १९४२ मध्ये अमेरिकेला अॅल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवावे लागले, तेव्हा बाटल्या पोलादाच्या आणि एनॅमलच्याही निघाल्या. त्यामुळे बाटलीच्या धातूवरून त्या वर्षी त्या देशाला कशाची टंचाई होती तेही कळते.

एखाद्या वस्तूवरून एवढे कळत असेल, तर ती वस्तू जपायला हवी, हे सांगायला फार युक्तिवाद लागू नये. तरीही या छंदाबद्दल आपल्याकडे दोन प्रकारची कुरकुर ऐकू येते आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली अशी की, लष्करी वस्तू जमवणारा माणूस युद्धाच्या रोमांचात रमलेला असतो आणि त्यातही वसाहतीच्या काळातल्या बिल्ल्या-पट्ट्यांचे त्याला नको तेवढे कौतुक असते. दुसरी अशी की, हे सगळे श्रीमंतांचे चोचले असून गरीब घरातली वस्तू कवडीमोलाने उचलून शहरात चढ्या भावाने विकण्याला संग्रह हे नाव दिले जाते. पहिल्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, युद्धाच्या वस्तूंत सर्वांत कमी रोमांच कशात असेल तर तो बाटलीत. तलवार उचलली की हात आपोआप वर जातो. बाटली उचलली की तहानच आठवते. साधारण दोन पिंट, म्हणजे एक लिटरपेक्षा थोडे जास्त पाणी, हा त्या काळच्या सरकारने एका माणसासाठी ठरवलेला वाटा होता आणि तो कधी प्यायचा याची परवानगीसुद्धा वरून यायची. कमी पाण्यावर चालायची माणसाला सवय लावता येते, असे सेनापती बराच काळ समजत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या वाळवंटात झालेल्या शरीरशास्त्राच्या प्रयोगांनी ती समजूत खोटी ठरवली. घाम गेला की पाणी लागतेच, मनाचा निग्रह त्याला पुरा पडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेल्या पाण्याच्या रेल्वेने लातूरला पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी आणले, ते ज्यांनी घागरीच्या मापाने भरून घेतले आहे, त्या मराठवाड्याच्या माणसाला एका लिटरची किंमत समजावून सांगावी लागत नाही. फेल्टचा अंगरखा ओला केला की पाणी गार राहते ही गोष्टही आपल्याला कुणा साहेबाने शिकवायची गरज नव्हती, आपला माठ तेच करतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचा विचार करण्याआधी आपली सार्वजनिक संग्रहालये काय जपतात ते पाहू. मी पाहिलेल्या मराठवाड्यातल्या दालनांत तलवारी, ढाली, कट्यारी, चिलखते, ठासणीच्या बंदुका भरपूर आहेत. दौलताबादला मेंढा तोफ आहे. विजापूरची मुलूख-ए-मैदान तोफ तिथे जाण्याआधी आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती, हेही अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरे आहे. शेजारच्या अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मारण्याची साधने आपण नीट जपली, आणि ज्यांच्या हातांत ती होती त्या सरदार-सरंजामदारांची नावेही जपली. चालणाऱ्या, तहानलेल्या, नाव नसलेल्या शिपायाचे त्या दालनांत काही नाही. पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत ज्या संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या, त्यांवरसुद्धा या गावातून इतके लोक युद्धावर गेले आणि त्यांतले इतके कामी आले, एवढाच आकडा आहे. हिशेब लिहिला गेला, माणसे लिहिली गेली नाहीत.

मराठवाड्यातून माणसे गेली नाहीत असे मात्र कुणी समजू नये. हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या, छावण्या औरंगाबादला होत्या, जालन्याला होत्या, हिंगोलीला होत्या, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात मिसळली. तिच्यातून पुढे आलेली विसावी डेक्कन हॉर्स ही पलटण १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानाजवळ भाले सरसावून धावली. निजामाच्या संस्थानी फौजेतले हैदराबाद लान्सर्स पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातला एक पुतळा त्यांचा आहे. हे पुतळे रोज हजारो लोक पाहतात, पण त्यांपैकी एकाचा आपल्या मुलखाशी काही संबंध आहे हे मराठवाड्यातल्या शाळांत शिकवले जात असल्याचे मी तरी ऐकलेले नाही. ही माणसे परत आली तेव्हा त्यांच्याबरोबर ट्रंका आल्या, पट्टे आले, बाटल्या आल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरी डिस्पोजलचा, म्हणजे लष्कराने विकायला काढलेला जादा, माल बाजारात लोटला तेव्हा ज्यांच्या घरात कुणी फौजी नव्हता त्यांनीही त्या बाटल्या घेतल्या आणि शेतावर नेल्या, आणि मग कॉर्क कुजल्यावर कुणी त्यात रॉकेल ठेवले, कुणी बियाणे. आता त्या वस्तू भंगारात चालल्या आहेत. जालन्यात भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आहेत. लोखंडी बाटलीचा शेवट अशा भट्टीत व्हायला फार लांब जावे लागत नाही. गरीब घरातून कवडीमोलाने वस्तू उचलणारा संग्राहक दोषी आहे खरा, पण त्याच दारात त्याच्या आधी भंगारवाला पोचतो आणि तो किलोने घेतो, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे.

माझ्या मते संग्राहकाचा खरा अपराध वस्तू विकत घेण्यात नसून ती मुकी करण्यात आहे, आणि हे मी स्वतःच्या करणीवरून सांगतो. जाफरगेटहून आणलेली बाटली मी घरी नेली आणि पट्टा मळका दिसला म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीत रात्रभर भिजत घातला. सकाळी पाणी चहासारखे झाले होते आणि पट्टा छान खाकी निघाला होता. उन्हात वाळत घातल्यावर मला त्याच्या आतल्या बाजूला फिकट जांभळ्या शाईचा डाग दिसला आणि डोळ्यांजवळ धरल्यावर तो डाग नसून आकडे आहेत हे कळले. फौजेत प्रत्येक जण आपला लष्करी नंबर आपल्या सामानावर शाईने लिहितो, कारण सगळ्यांचे सामान सारखे दिसते. सरकारी शिक्का पक्क्या शाईचा असल्याने टिकला, हाताने लिहिलेला नंबर धुऊन गेला. शेवटचे तीन आकडे, ४, १ आणि ७, उरले होते. पूर्ण नंबर असता तर पलटण शोधता आली असती, कदाचित माणूसही. तीन आकड्यांवरून काहीही शोधता येत नाही. पितळी भांडे दिसले की चिंच लावायची आणि कापड दिसले की भिजत घालायचे, ही आपल्या घरांची चांगली सवय जुन्या वस्तूंच्या बाबतीत घातक ठरते. मी शिकलेला माणूस असून ती चूक केली. पथारीवाल्याने तरी निदान पट्ट्याला हात लावला नव्हता.

त्याहून मोठी चूक अशी की, ही बाटली कुठून आली हे मी त्याला विचारलेच नव्हते. भाव करताना विचारायचे ते सगळे विचारले, नेमके हे राहिले. तीनेक महिन्यांनी परत गेलो तेव्हा त्याने आठवून सांगितले की भोकरदनकडच्या एका वाड्यातली भांडीकुंडी गठ्ठ्याने निघाली होती, त्यात ती होती. गाव आठवत नव्हते. म्हणजे तालुका मिळाला, गाव गेले, नंबर गेला, नाव तर गेलेच गेले. या सगळ्यात बाटलीचा धातू शाबूत आहे, आणि संग्राहकांच्या बाजारात तिची किंमतही, पट्टा स्वच्छ असल्यामुळे, थोडी वाढलीच असेल. बाजाराची आणि इतिहासाची दृष्टी कशी परस्परविरोधी असते याचा याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही.

आता बाटलीत भरलेल्या पाण्याकडे येतो, कारण मराठवाड्यात शिपाई आणि पाणी हे दोन शब्द एकत्र उच्चारले की एक प्रसंग टाळून पुढे जाता येत नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. प्रवासात अंगावर धूळ बसली होती, म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या टाक्याच्या पाण्याने त्यांच्यापैकी काहींनी तोंड-पाय धुतले. मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी टाके बाटवले. जमाव जमला, शिव्या झाल्या. किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला त्यांच्याबरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि अस्पृश्यता ही एका धर्मापुरती राहत नाही हे दाखवण्यासाठीच लिहिला आहे. मला त्यातला तो शिपाई विसरता येत नाही. निजामाच्या राज्यातल्या त्या किल्ल्यावर त्या दिवशी एका माणसाला हत्यार देऊन पाण्यावर पहारा ठेवायला लावले होते. त्याच्या स्वतःच्या जवळ पाणी कशात होते, कुणी भरून दिले होते, हे आपल्याला ठाऊक नाही आणि कळण्याचा मार्गही नाही.

याच काळाच्या मागेपुढे महार शिपायांची गोष्ट चालू आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. महायुद्धाची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. पुन्हा गरज पडली तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. फौजेतसुद्धा पाण्याचे आणि स्वयंपाकाचे भेद होते, ते मुळीच नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. पण सरकारने दिलेली निळी बाटली कुणाच्याही कमरेला सारखीच लागत होती, एकाच मापाची होती आणि ती भरून घेणे हा हुकूम होता. त्या बाटलीसकट रजेवर गावी आलेल्या माणसाला गावच्या आडावर बाटली भरता येत नव्हती. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या देशात अशा एका बाटलीच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या राज्यघटना सांगतात, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाही. ही बाटली एखाद्या दलित वस्तीतल्या घरातून निघाली की वाड्यातून निघाली, यावर तिचा अर्थ पूर्ण बदलतो. नंबरासकट, गावासकट, घरासकट ती नोंदवलेली असली तरच तो अर्थ वाचता येतो. नुसती बाटली कपाटात ठेवली तर त्यातली फक्त पहिली, सोयीची गोष्ट उरते.

हीच गोष्ट १९४८ च्या बाबतीत अधिक नाजूक होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या रोखाने आत शिरल्या, दुसऱ्या बाजूने औरंगाबाद आणि जालना घेतले गेले, १७ ला निजामाने हार मानली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीने शरणागती पत्करली. त्या शिपायांच्या कमरेला असलेल्या बाटल्या दुसऱ्या महायुद्धातल्याच होत्या. १७ सप्टेंबर हा आपला मुक्तिसंग्राम दिन आहे आणि तो असायलाच हवा, कारण रझाकारांनी गावोगावी जे केले त्याच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. पण त्याच सप्टेंबरनंतरच्या दिवसांत काय घडले ते पाहण्यासाठी केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज नोंदवला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घातली. उद्या एखाद्या घरातून त्या सप्टेंबरमधली फौजी बाटली निघाली, तर ती एका घरासाठी सुटकेची खूण असेल आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या घरासाठी भीतीची. कोणती बाटली कोणत्या घरातली हे लिहून ठेवलेले असले, तर संग्रहालय दोन्ही गोष्टी एकाच काचेखाली मांडू शकते. लिहिलेले नसले तर ज्याचा आवाज मोठा त्याची गोष्ट बाटलीला चिकटते. अशा वस्तू दाखवूच नयेत, जुन्या जखमा उकरू नयेत, असे म्हणणारे सज्जन मला भेटले आहेत. जखम न दाखवल्याने ती भरते, हे त्यांचे म्हणणे मला पटत नाही.

कायदा या कामात फारसा उपयोगी पडत नाही. १९७२ चा पुरातन वस्तू आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांची रेघ ओढतो. त्याच्या अक्षरशः अर्थाने पहिल्या महायुद्धातली बाटली आज ऐतिहासिक वस्तू म्हणून पुरातन ठरू शकते, ती परदेशात नेण्यावर बंदी येते आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. जाफरगेटच्या पथारीवाल्याला हे सांगितले तर तो हसेल, आणि त्याचे हसणे रास्त असेल. सक्तीने नोंदवायच्या वस्तूंत शिल्पे, चित्रे, सचित्र पोथ्या आहेत, पत्र्याची बाटली नाही. १९४२ ची बाटली २०४२ पर्यंत आणि १९४८ ची २०४८ पर्यंत कायद्याच्या नजरेत केवळ जुना माल राहील, आणि तोपर्यंत ज्यांना तिची गोष्ट ठाऊक आहे ती माणसे राहणार नाहीत. जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. असईच्या शिवारात कुणी धातुशोधक यंत्र घेऊन फिरू लागला तर तो लावता येईल. पण ट्रंकेत सापडलेल्या वस्तूंसाठी कोणताही कायदा नाही, आणि नसावा असेच मी म्हणेन. घरातली वस्तू तहसीलदाराकडे नोंदवायची सक्ती झाली की लोक ती रात्रीतून भंगारात घालतील.

मालकीचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. बाण मारलेली वस्तू म्हणजे सरकारी माल, मग ती शिपायाच्या घरी आलीच कशी, असे विचारणारे असतात. आपल्याला शिलेदार आणि बारगीर हा फरक शिवकाळापासून ठाऊक आहे. ज्याचा घोडा आणि सामान स्वतःचे तो शिलेदार, ज्याला ते सरकारातून मिळते तो बारगीर. हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचेच होते आणि हा शब्द इंग्रजांनी तसाच उचलला. त्यामुळे अंबाजोगाईच्या एखाद्या जुन्या घरात घोडेस्वाराचे सामान निघाले तर ते त्याच्या मालकीचे असण्याचीच शक्यता जास्त. पायदळाच्या सामानाबद्दल तसे म्हणता येत नाही, पण डिस्पोजलच्या विक्रीने तो वाद केव्हाच मिटवला आहे. ऐंशी वर्षांनंतर एका पत्र्याच्या बाटलीसाठी एखाद्या म्हातारीला चोराची सून ठरवणे हे कोणत्याही सरकारला शोभणार नाही.

संग्राहकांकडून उलट एक आक्षेप येतो आणि तो मला अधिक अडचणीचा वाटतो. नोंद असलेल्या वस्तूला जास्त किंमत मिळू लागली की नोंदी खोट्या तयार होतात. अमेरिकी यादवी युद्धाच्या बाटल्यांच्या बाजारात हे फार पूर्वीच झाले आहे. जुन्या पत्र्यावर नवे नाव, नवी पलटण कोरायची आणि दाम दुप्पट घ्यायचे. आपल्याकडे अजून ती वेळ आलेली नाही, कारण आपल्याकडे नावाला कुणी पैसे देत नाही. यावर उपाय एकच दिसतो. नोंद बाजारात नव्हे, उंबरठ्यावर झाली पाहिजे. वस्तू घरातून बाहेर पडण्याआधी, घरच्या माणसाच्या तोंडून, त्याच्या शब्दांत, तारखेसह. घरातली सून म्हणेल की बाटली सासऱ्यांची होती, ते कुठल्या तरी वाळवंटात होते, कुठल्या ते आम्हाला सांगता येत नाही. तर तेच लिहावे. तिच्या न सांगता येण्याला आपल्या पुस्तकी ज्ञानाने भर घालू नये.

खाजगी संग्राहकाला शत्रू मानून हे काम होणार नाही, याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला पांढरीच्या, म्हणजे प्राचीन वस्तीच्या, टेकाडांत वर येणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केल्या, आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तिथे उभे आहे. पैठणलाही बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे असेच संग्रहालय आहे. लामतुरे यांच्या संग्रहाबद्दल मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की तो तेरमध्येच राहिला. प्रत्येक वस्तू नेमक्या कोणत्या थरातून आली हे सांगता येत नसले, तरी ती तेरची आहे याबद्दल कुणाला शंका नाही. ज्या दिवशी ती मुंबईच्या लिलावात गेली असती त्या दिवशी ती केवळ सातवाहन काळातली एक मृण्मूर्ती झाली असती. शिपायाच्या वस्तूंच्या बाबतीत गावाशी जोडलेपण हीच त्यांची अर्धी किंमत आहे, म्हणून त्या शक्यतो जिल्ह्याबाहेर जाऊ नयेत. संग्राहकाने विकत घेऊन आपल्या घरी ठेवल्या तरी चालेल, पण जिल्ह्यात एखादी सार्वजनिक नोंदवही असावी आणि तिच्यात त्या वस्तूचे एक पान असावे.

प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, निवृत्त सैनिकांची ये-जा तिथे असतेच. तिथे किंवा जिल्हा ग्रंथालयात अशी वही ठेवायला नव्या इमारतीची किंवा निधीच्या घोषणेची गरज नाही. वस्तूचा फोटो, माप, शिक्के, कुणाच्या घरातली, कोणी सांगितले, केव्हा सांगितले, आणि ती आता कुणाकडे आहे, एवढे लिहायला एक पान पुरते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांतली मुले दर वर्षी प्रकल्पासाठी गडकिल्ल्यांची तीच ती माहिती उतरवून काढतात, त्यांना आपल्या गावातल्या पाच ट्रंका उघडून पाहायला लावले तर प्राध्यापकांना वाचायलाही काही नवे मिळेल. वस्तू धुऊ नये, घासू नये, तेल चोपडू नये, हे मात्र त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे लागेल.

माझ्या बाटलीचे पान मी लिहून ठेवले आहे. लोखंडी पत्रा, निळे एनॅमल, फेल्ट कसरीने खाल्लेले, बूच जुने, सुतळी नवी. खोळीवर १९४२. भोकरदन तालुका, गाव अज्ञात, वाड्यातील भांड्यांबरोबर निघाली, सांगणार जाफरगेटचा विक्रेता. लष्करी नंबराचे शेवटचे तीन आकडे ४१७, आधीचे आकडे सध्याच्या मालकाने धुतले.